दीपालीच्या नावाची नळी

हडपसर, पुणे
६ फेब्रुवारी २०२५

आयुष्मती दीपालीस,

जय भीम आणि मनापासून आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. थंडी जवळजवळ गेली. दुपारी गॅलरीत बसवत नाही, पण सकाळचं कोवळं ऊन अजून मिळतं, तेवढ्यापुरता मी पेपर घेऊन तिथे असतो. तू लावलेला कढीपत्ता माझ्या खांद्याला लागला आहे. फोडणीच्या वेळी शेजारच्या दशरथच्या घरून कुणी ना कुणी येतंच, आणि हिरा प्रत्येकाला बजावते, "खालून ओरबाडू नका, वरचा शेंडा घ्या." सौरभ चाकणलाच राहतो. रविवारी येतो, जेवतो, झोपतो, जातो. याहून जास्त त्याच्याबद्दल लिहीत नाही. तुमच्या दोघांत काय झालं ते मी तेव्हा विचारलं नाही आणि हे पत्रही त्यासाठी नाही.

हे पत्र आभाराचं आहे. फोनवर बोललो असतो, पण मी फोन हातात घेतला की हिरा शेजारी येऊन बसते आणि स्पीकर लावा म्हणते. शिवाय मला कागदावरच धड बोलता येतं, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या लग्नात मी बोलायला उभा राहिलो आणि खिशातला कागद सापडेना, तेव्हा पाण्याचा पेला तूच पुढे केला होतास.

सोमवारी तुझी गाडी खाली थांबली ती मी वरून पाहिली. जुलैत तू बॅग घेऊन गेलीस, त्यानंतर पहिल्यांदाच. मी पेपराची घडी घातली आणि उगाच चष्मा पुसला. तू वर आलीस, चपला दाराबाहेर काढल्यास आणि पाण्याला हात न लावता सरळ स्वयंपाकघरात गेलीस.

"आई, मला डॉक्टरांकडून फोन आला. तुमची तपासणी पॉझिटिव्ह आहे, भेटायला या, म्हणतात. मी कसलीच तपासणी केलेली नाही."

हिराने पोळी लाटणं थांबवलं नाही.

"राँग नंबर असेल."

"नाव माझं, वय माझं, पत्ता या घराचा."

"मग असेल दुसरी कोणी दीपाली."

"आई."

एवढंच म्हणालीस तू आणि लाटणं थांबलं. मी दारात उभा होतो. हिराला असं पकडलं गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिने पिठाचे हात पदराला पुसले आणि पोळपाटाकडे बघत म्हणाली, "ते माझं आहे. तुझं काही नाही. तू घाबरू नको."

पुढचं तुला माहीत आहे. आधीचं माहीत नाही, ते सांगतो.

डिसेंबरात एका रविवारी वंदना संपल्यावर विहारातल्या बायका पांढऱ्या साड्यांत तशाच बसून राहिल्या, आणि डॉ. श्यामला बोलायला उभ्या राहिल्या. आम्ही पुरुष मागच्या भिंतीशी. विषय होता गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. लिहिला एकदाचा शब्द. माझ्या वडिलांच्या हातून हा सुनेला लिहिला गेला नसता, माझ्याही हातून लिहायला सत्तरी उलटावी लागली.

डॉक्टरबाईंना आपल्या अभ्यासासाठी अगदी धडधाकट बायका हव्या होत्या. हिरा म्हणाली, "दुखत नाही, खुपत नाही, तर तपासायचं कशाला?"

"तेवढ्यासाठीच आले आहे," बाई म्हणाल्या. "दुखायला लागतं तेव्हा हा आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो. त्याआधी कित्येक वर्षं तो गप्प बसून असतो. तो गप्प असतानाच त्याला धरायचं."

मग त्यांनी पद्धत सांगितली. प्रत्येकीला एक मऊ ब्रश आणि औषधी पाणी भरलेली नळी द्यायची. नमुना जिचा तिने, आडोशाला किंवा घरी, आपल्या हाताने घ्यायचा. प्रयोगशाळेत त्या एका नळीचे दोन भाग व्हायचे. एक भाग काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या डोळ्याने बघायचा, पेशी बदलल्या आहेत का ते. दुसरा भाग यंत्रात घालायचा, ते यंत्र हा आजार घडवणारा विषाणू आहे की नाही तेवढंच सांगतं. काच बघणाऱ्याला यंत्राचं उत्तर कळवायचं नाही, यंत्रवाल्याला काचेचं कळवायचं नाही. शेवटी दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची आणि बायकांनी स्वतः घेतलेल्या नमुन्याला कोणती पद्धत जास्त भरवशाची ते ठरवायचं. वयाची अट तीस ते साठ.

नावं घ्यायला यमुनाबाई बसल्या. महिला मंडळाच्या अध्यक्ष यमुनाबाई तू पाहिल्या आहेस. त्यांचं बोलणं ऐकून माणूस आधी दुखावतो आणि घरी पोचल्यावर हसतो.

"हिरे, तुझं वय बसत नाय. तू आता नातवंडं सांभाळ. ती पण नाहीत म्हणा. सुनेचं लिहिते. हाय कुठं ती? वंदनेला दिसत नाय."

"ड्यूटी असते तिला," हिरा म्हणाली. "तिची नळी द्या, घरी नेते. उद्या भरून आणते."

आणि आणली. तुझं नाव, तुझं वय, तुझा नंबर, आणि आत नमुना तिचा. सून घर सोडून गेली हे यमुनाबाईंना कळू नये, एवढ्यासाठी. मला हे सगळं सोमवारीच कळलं. मी म्हटलं, अगं, नंबर तरी स्वतःचा द्यायचास. तर म्हणाली, "माझा मला पाठ कुठे आहे?" ते खरं आहे. पण माझा पाठ आहे तिला. तुझाच का दिला ते तिला विचारू नकोस. मीही विचारलं नाही.

तू तिला गाडीवर मागे बसवून डॉक्टरबाईंकडे नेलंस आणि मी बसने मागून आलो. मला वाटलं होतं, बाई आता फैलावर घेतील. खोटं नाव, खोटं वय, त्यांच्या अभ्यासाची माती. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काचेवर काही दिसलं नव्हतं," त्या तुला म्हणाल्या. "यंत्राने विषाणू दाखवला. चौतीस वर्षांच्या मुलीला मी म्हटलं असतं, तरुण वयात हा बहुतेकदा आपला आपण निघून जातो, घाबरू नका, वर्षाने या. वर्षाने तुम्ही आला असता, तर तुमच्या नमुन्यात काही निघालंही नसतं, आणि आम्ही सगळे खूश झालो असतो." मग हिराकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या वयात तो सापडतो तेव्हा बहुधा बरीच वर्षं मुक्कामाला असतो. आणि या वयात ती जागा आत सरकते. ब्रश तिथवर गेलाच नसेल, तर काचेवर येणार काय आणि डोळ्याला दिसणार काय? मंगळवारी या. दुर्बिणीतून नीट बघू."

"म्हणजे यंत्र शहाणं आणि डोळा वेडा?" मी विचारलं.

"नाही काका. तो आहे, एवढंच यंत्र सांगतं. त्याने काही केलंय का ते शेवटी डोळ्यालाच बघावं लागतं."

दीपाली, खरं सांगू का, त्या बोलत होत्या आणि मी तिथे नव्हतोच. मी वर्ध्याकडच्या आमच्या शाळेत पोचलो होतो. माधव गुरुजी नवी कविता दोनदा घ्यायचे. आधी पुस्तक उघडं ठेवून, मग मिटून. मिटल्यावर म्हणायचे, "आता मी म्हणतो. तुम्ही नुसतं ऐका आणि कुठे कळ आली ते सांगा." पानावर सगळं सोपं वाटायचं. पुस्तक मिटलं की एखाद्या साध्या शब्दापाशी कळ यायची. पत्र्यावर कडुनिंबाच्या निंबोळ्या टपटपत असायच्या, आणि ती कुठे आली ते सांगायला एकही हात वर होत नसे, कारण सगळ्यांना ती एकाच ठिकाणी आलेली असायची. तेवढ्यात हिराने कोपर मारलं. "ऐकून राहिले का तुम्ही?"

तर तुझे आभार. तो फोन "मी नाही, चुकीचा नंबर" म्हणून तू ठेवून दिला असतास, तर कोणी नाव ठेवलं नसतं. खरं तेच बोलली असतीस तू.

इथवर लिहून मी चहा प्यायला उठलो होतो. परत बसलो आहे, कारण एक गोष्ट राहिली.

हिरा मंगळवारी जायचं नाही म्हणते.

डॉक्टरबाई बोलून गेल्या ना, की नाव दुरुस्त करताना मंडळालाही कळवावं लागेल, आजाराचं नाही, नमुना दुसऱ्या बाईचा होता एवढंच. ते तिच्या मनात रुतलं आहे. चिडली की तिचं एवढ्या वर्षांचं पुणं गळून पडतं. "यमुनेले काय सांगू? सून नाही घरात? मले काही होत नाही. मी जात नाही." तारखेची चिठ्ठी तांदळाच्या डब्याखाली गेली आहे. मी समजावलं, चिडलो, एका दुपारी जेवलो नाही. तिने माझं ताट झाकून ठेवलं आणि टीव्ही लावला.

सौरभशी हा विषय ती बोलणार नाही, आई मुलाशी बोलत नाही. माझं ऐकत नाही. तुझं ऐकते. तू घरात होतीस तेव्हा ऐकायची आणि आता तू नाहीस तरी ऐकते. पण तुला ये म्हणायचा हक्क मला राहिलेला नाही, म्हणून मी म्हणत नाही. मंगळवारी सकाळी जायचं आहे, एवढं फक्त कळवतो.

तब्येत सांभाळ. वाघोलीच्या त्या रस्त्यावर ट्रक फार असतात, गाडी हळू चालव.

न सांगता आलेलं समजून घेणारी तू आहेस, या भरवशावर,
बाबा


हडपसर
१२ फेब्रुवारी २०२५, माघ पौर्णिमा

चि. दीपाली,

जय भीम. आज सकाळी विहारात जाऊन आलो. पौर्णिमेची गर्दी होती. हिरा आली होती, चालताना जरा जपून, पण आली.

काल तू आलीस, दारातून म्हणालीस, "आई, साडी बदला. रिक्षा थांबलीय." ती म्हणाली, "आणि यमुनेला काय सांगू?" तू म्हणालीस, "तुम्हीच सांगा. खाली रिक्षात बसल्यात."

हिरा गॅलरीत गेली, खाली वाकून बघितलं, आत आली आणि निमूट कपाट उघडलं. मी एवढ्या वर्षांत तिच्याशी असं एक वाक्य बोलू शकलेलो नाही.

तू तिच्याबरोबर आत गेलीस आणि बाहेर बाकावर यमुनाबाई आणि मी. सुरुवातीला आम्ही दोघांनी समोरच्या भिंतीवरचं हात धुवायचं चित्र बघितलं. मग त्याच बोलल्या.

"ज्ञानदेवभाऊ, तुमची सून शनिवारी माझ्या दारात आली. म्हणाली, मावशी, मी जुलैपासून त्या घरात राहत नाही. नळी आईंनी माझ्या नावानं दिली, कारण माझं जाणं त्यांना झाकायचं होतं. मंडळाला खोटं कळलं, त्याचं काय बोलायचं ते मला बोला, त्यांना नको."

"मग काय बोललात?"

"म्हटलं, चप्पल काढ, चहा घे. तू गेलीस ते मला पावसाळ्यातच कळलंय. तुमच्या दोरीवर ड्रेस वाळायचे बंद झाले, नुसत्या साड्या. मला काय डोळे नाहीत?"

"मग हिराला कधी बोलला नाहीत?"

"सांगायचा हक्क तिचा हाय. म्हणून तर डिसेंबरात विचारलं, सून कुठं हाय. दार उघडून दिलं होतं भाऊ. तिनं कडी घातली."

तुम्ही दोघी बाहेर आलात. तू औषधं आणायला गेलीस, तेव्हाचं हे सांगतो, ते तू पाहिलं नाहीस. हिरा पांढरीफटक झाली होती. यमुनाबाईंनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला. हिरा हात पुढे करेना.

"यमुने, माझी सून..."

"माहीत हाय. चहा घे."

"माझ्यापाशी राहत नाही ती."

"ते दिसतंयच की. राहत नाही म्हणून तर रजा टाकून पळत आली. माझी राहते घरात. काल माझं डोकं दुखत होतं तर म्हणाली, टीव्ही कमी करा."

हिरा हसली. हसता हसता पदर तोंडाला लावला, आणि मग बराच वेळ तिने तो काढला नाही. यमुनाबाईंनी झाकण तिच्या हातात नीट धरवून दिलं आणि दुसरीकडे बघत बसल्या. तू परत आलीस तेव्हा दोघी वाळवणाच्या पापडांवर बोलत होत्या, म्हणून तुला वाटलं असेल, काही झालंच नाही.

आतला एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आहे. उत्तर यायला दिवस लागतील. तू जाताना मला म्हणालीस, "बाबा, काही नसेल." मी हो म्हटलं. मला तसं वाटत नव्हतं.

आज वंदना म्हणताना माझा आवाज मध्येच गेला. पाठ असलेले शब्द, लहानपणापासूनचे, आणि पुढचा सापडेना. शेजारच्यांनी पुढे नेलं म्हणून कुणाला कळलं नाही. हिराला कळलं. घरी येताना ती म्हणाली, "तुम्ही आधी गेलात तर मी काय करीन, हेच मी आजवर घोकत आले. उलटं काही घोकलंच नाही." असं बोलून ती भाजीवाल्याशी मेथीच्या भावावरून भांडायला लागली.

बाकावर बसून मी दोन ओळी केल्या होत्या. तुला हसायला लिहितो:

पानाआडचे फूल लपूनी पाहणाऱ्यांना दिसले ना,
येता-जाता वाऱ्याला पण पत्ता त्याचा चुकला ना.

हिराला ऐकवल्या. म्हणाली, "आजाराला फूल म्हणून राहिले." बरोबर आहे तिचं. ओळी खोडतो. पण तुझं वाचून झालं, आता काय.

भ्यालेला, आणि भ्यालो हे ज्याला फक्त तुलाच सांगता येतं तो,
बाबा


हडपसर
२० मार्च २०२५

चि. दीपाली,

जय भीम. हैदराबादचं ट्रेनिंग कसं चाललं आहे? जेवण तिखट असेल. हिरा विचारते, खोलीत पंखा आहे का. मी म्हटलं एसी असेल, तर म्हणते, "एसीचं नाही विचारलं, पंखा आहे का?"

काल फोनवर हिराने तुला "सगळं बरं आहे" एवढंच सांगितलं आणि फोन मला न देता ठेवून दिला. म्हणून नीट लिहितो.

पहिल्या तुकड्याचं उत्तर तू जायच्या आधीच आलं होतं: कर्करोग नव्हे, पण त्याच्या अगदी अलीकडची पायरी. तेवढा भाग काढून टाकायची लहानशी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तू फोनवर होतीस. काढलेला भाग पुन्हा तपासायला गेला होता, त्याचं उत्तर काल मिळालं. त्यातही कर्करोग नाही. कडा स्वच्छ आहेत, म्हणजे वाईट होतं ते सगळं त्या तुकड्याबरोबर बाहेर आलं. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं, पुढेही दाखवत राहायचं. डॉ. श्यामलांनी हे सगळं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून, कारण पहिल्यांदा मी ऐकत नव्हतो, मी हिराच्या पायातल्या चपलांकडे बघत होतो. घाईत दोन वेगवेगळ्या जोडांच्या घालून आली होती.

"आतल्या बाजूलाच होतं ते," बाई म्हणाल्या. "काचेवर येणं कठीणच होतं."

मी म्हटलं, "मग तुमच्या अभ्यासाला चांगला दाखला मिळाला."

त्या हसल्या. "मिळाला असता. पण नाव दुसरं, वय अटीबाहेरचं. हा नमुना मला काढून टाकावा लागला काका. सगळ्यांत जास्त शिकवून गेली ती नळी, आणि मला ती कुठेच मोजता येणार नाही."

हिरा म्हणाली, "मी मोजते की."

सौरभला तिने स्वतः सांगितलं. मला वाटत होतं आई मुलाशी हे बोलणार नाही. मी चुकलो. त्याला समोर बसवलं आणि शाळेतल्या बाईंसारखं सुरुवातीपासून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग विचारलं, "हे सगळं दीपालीने केलं?" ती हो म्हणाली. तो पुष्कळ वेळ गॅलरीत उभा होता. याचा काही अर्थ काढू नकोस. मीही काढलेला नाही.

आणि रविवारी विहारात एक झालं. वंदनेनंतर सूचना सांगायच्या असतात, तिथे हिरा उठून उभी राहिली. आजवर ती तिथे कधी बोललेली नाही. म्हणाली, "माझी सून दीपाली घर सोडून वाघोलीला राहते. ते झाकायला मी तिच्या नावानं माझी नळी दिली. तिनं ते उघडं केलं म्हणून मी तुमच्यासमोर उभी आहे. ज्यांनी नळ्या आणून तशाच घरी ठेवल्यात, त्यांनी भरून द्या. स्वतःच्या नावानं द्या." आणि खाली बसली. यमुनाबाई म्हणाल्या, "ऐकलंत ना? का चहा ठेवू, मग ऐकाल?" काल कळलं, माघारी न आलेल्या बऱ्याच नळ्या आता आल्या.

दीपाली, पुढच्या महिन्यात तुमची कोर्टाची तारीख आहे. मला माहीत आहे, हिरालाही माहीत आहे. आम्ही दोघं त्याबद्दल एकमेकांशी बोलत नाही, कॅलेंडरचं पान मात्र दोघंही बघतो. मनात आधी काय यायचं ते लपवत नाही. यायचं, की हे सगळं झालं, आता ती परत येईल. गोष्टीत तसंच होतं. पण तू जे केलंस ते परत येण्यासाठी केलं नाहीस, आणि त्याची किंमत म्हणून आम्ही तुझं येणं मागायचं, हे मला शोभणार नाही. कोर्टातला तो कागद सौरभचा आणि तुझा आहे. त्यावर माझी सही नाही, हिराची नाही. म्हणून आमचं तुझ्याशी नातं काय, हे त्या कागदाला ठरवता येणार नाही. ते आमचं आम्ही ठरवलं आहे. तुझं तू ठरव, सावकाश.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. तीन पानं त्याच्या आजूबाजूनेच फिरलो.

काल निघताना डॉक्टरबाईंनी विचारलं, "ज्यांचं नाव होतं, त्या दीपालीची स्वतःची तपासणी झाली का?"

हिरा माझ्याकडे बघायला लागली. तुझ्या नावाने फोन आला, तुझ्या नावाचा नमुना यंत्रात गेला, तुझ्या नावावर आम्ही सगळे धावलो, रडलो, हसलो, आणि तुझी तपासणी झाली का हे एकानेही तुला विचारलं नाही. मीही नाही, ज्याने तुला आभाराची दोन लांबलचक पत्रं लिहिली. फोनवर हिरा विचारणार होती, पण तिला लाज वाटली म्हणून तिने फोन ठेवला. मलाही वाटते आहे. तरी लिहितो. बाई म्हणाल्या, तिशी उलटलेल्या प्रत्येक बाईने करावी, काही होत नसतानाच करावी. अभ्यास महिनाअखेर बंद होतो आहे, पण अभ्यास राहू दे, त्यांच्याकडे केव्हाही होईल, किंवा तुला बरं वाटेल तिथे.

हैदराबादहून आलीस की करून घे. तू एकटी जाणारी आहेस हे मला माहीत आहे. एकटी गेलीस तरी चालेल, फक्त झालं एवढं कळव. पण आमच्यासाठी म्हणून सांगायचं तर दिवस कळव. हिरा डबा घेईल, मी पेपर घेईन. आम्ही तुझ्याबरोबर आत येणार नाही, काही विचारणार नाही, बाहेर आल्यावर तू तुझ्या वाटेने वाघोलीला जा, आम्ही आमच्या बसने हडपसरला येऊ. तू आत असशील तेवढा वेळ बाहेरच्या बाकावर तुझं कुणी बसलेलं असावं, इतकंच.

तू घरी परतशील म्हणून नव्हे, तू दारातून बाहेर येशील म्हणून तिथे बसणारे,
हिरा आणि ज्ञानदेव
तुझे आई-बाबा